पंचवीस आर

ट्रूबची बस पकडली तेव्हा धाकट्या भावाचा मेसेज आला, "दादा, वाटणीपत्रावर सही कधी करतोस?" वाचला आणि फोन खिशात टाकला. आई-आबा गेल्यापासून हा प्रश्न तिसऱ्यांदा येत होता.

मी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नमधल्या एका सर्वेक्षण कार्यालयात काम करतो. एमेंटालच्या डोंगराळ भागातल्या ट्रूब या ग्रामपालिकेच्या शेतरस्त्यांचा अहवाल आमच्याकडे आला होता. त्यातलं 'ग्रामपालिकेची ओळख' हे दोन पानांचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. असली प्रकरणं कोणी वाचत नाही, म्हणून ती नेहमी सगळ्यात नव्या माणसाला मिळतात.

आकडे आदल्या रात्रीच लिहून ठेवले होते. क्षेत्रफळ सुमारे 62 चौरस किलोमीटर, लोकसंख्या तेराशेच्या आसपास, उत्तरेला चौदाशे मीटरचा नाप्फ डोंगर. डोळ्यांसमोर आपलं नेहमीचं गावठाण होतं. प्रत्यक्षात उतरलो तर एक चर्च, एक खानावळ, कचेरी आणि मोजकी घरं. चर्चच्या जागी पूर्वी बेनेडिक्टाइन मठ होता. 1528 साली बर्नने प्रोटेस्टंट धर्मसुधारणा स्वीकारली आणि मठ बंद झाला.

"आणि गाव कुठे आहे?" मी कचेरीतल्या बाईंना विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर डोंगराकडे हात केला. "तिकडे सगळीकडे."

खरंच होतं ते. इथे गाव म्हणजे घळी आणि डोंगरधारा. घळीला 'ग्राबेन' म्हणतात, आणि एकेका ग्राबेनमध्ये लांब लांब विखुरलेली शेतकऱ्यांची घरं. त्यातल्या एका जागेचं नाव फांकहाउस, त्यावरून आडनाव फांकहाउझर. आपल्याकडच्या 'कर'सारखाच हा 'अर'. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. स्विस ओळखपत्रावर जन्मगाव नसतं, मूळगाव असतं. पणजोबांनी ट्रूब सोडलं असलं आणि स्वतः ट्रूब कधी पाहिलं नसलं, तरी ओळखपत्रावर ट्रूबच.

दुपारी एका शेतकऱ्याकडे गेलो. साठीचा माणूस, पायात रबरी बूट. बर्नच्या बोलीत तो मला 'दिर' म्हणत होता. पुस्तकी जर्मनमधलं 'झी' सोडून हे लोक आदराने अनेकवचन वापरतात, म्हणजे थेट आपलं 'तुम्ही'. तेवढ्यानेच मला घरच्यासारखं वाटलं. घर अवाढव्य, छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं, एकाच छपराखाली माणसं, गाई आणि गवत. शेजारी एक छोटं घर, त्याला 'श्टोक्ली' म्हणतात. शेत पुढच्या पिढीच्या हाती दिलं की म्हातारी माणसं त्यात राहायला जातात. त्याची आई तिथेच राहायची. तिने कॉफी आणि ब्रेत्सेली नावाची पातळ, कुरकुरीत बिस्किटं समोर ठेवली.

उताराचं मोजमाप या देशात पैशांत होतं, उतार जितका तीव्र तितकं शेतकऱ्याला सरकारी अनुदान जास्त. 18 टक्क्यांच्या वर एक दर, 35 च्या वर दुसरा, 50 च्या वर तिसरा. त्या तिसऱ्या प्रकारच्या उतारावर मी मोजणीची काठी घेऊन दोनदा घसरलो. म्हातारी खिडकीतून बघत होती, हे नंतर कळलं.

कॉफी पिताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "भावंडं किती?"

"सहा. मी शेंडेफळ."

"मग बाकीच्यांचे हिस्से?"

तो हसला. एमेंटालात शेत धाकट्या मुलाकडे जायचं, अशी जुनी रीत. बाप थकेपर्यंत थोरले आपापल्या धंद्याला लागलेले असत, म्हणून धाकटा. सगळं गोड होतं असं मुळीच नाही. मुलींना जमीन नाही, आणि धंदा न मिळालेला थोरला भाऊ कित्येकदा धाकट्याच्याच शेतावर गडी म्हणून राबायचा. आता कायदा आहे, 1991 चा, 1994 पासून लागू. जो वारस स्वतः कसणार आणि ज्याला कसता येतं, त्याला अख्खं शेत मिळतं, तेही बाजारभावाने नाही, उत्पन्नावर ठरवलेल्या किमतीने. बाकीच्यांचा वाटा त्याच किमतीवर. मात्र त्याने 25 वर्षांच्या आत विकून नफा कमावला तर भावंडं त्यात हक्क सांगू शकतात. आणि साध्या शेतजमिनीचा 25 आरांपेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही.

आर! सातबाऱ्यावरचा आर. एक आर म्हणजे साधारण एक गुंठाच. तुकडेबंदीचा कायदा आपल्याकडेही 1947 पासून आहे, आणि तरी आजोबांच्या साडेचार एकरांचे आधी चार भाग झाले, मग आबांच्या पंचेचाळीस गुंठ्यांचे आम्हा चार भावंडांत चार. माझ्या वाट्याला 0 हेक्टर 11 आर. कऱ्हाडजवळच्या त्या रानात आज कसतो तो फक्त धाकटा.

"तुमच्या थोरल्याला वाईट नाही वाटलं?"

"त्यालाच विचारा," तो म्हणाला.

थोरला घरामागच्या उतारावर दाताळ्याने गवत ओढत होता. सत्तरी ओलांडलेली, आयुष्य शहरात नोकरीत गेलेलं. दर जूनमध्ये गवताला येतो.

"वाटलं की," तो दाताळं न थांबवता म्हणाला. "पहिली काही वर्षं इकडे फिरकलोच नाही."

"मग?"

"मग आईचा फोन आला. गवत वाळलंय, पाऊस येतोय म्हणाली."

एवढंच. पुढे विचारायला मला सुचलं नाही. तासभर मीही गवत ओढलं, वाईट ओढलं, आणि धाकट्याने माझ्यामागून येऊन ते पुन्हा नीट केलं.

परतीच्या बसमध्ये 'ग्रामपालिकेची ओळख' पुन्हा उघडलं. लोकसंख्येच्या ओळीपुढे काय लिहावं ते समजेना. वही मिटून भावाला फोन लावला. तिकडे साडेआठ वाजले होते, मागे कुठेतरी जेवणाची भांडी वाजत होती.

"दादा, सहीचं काय ठरलं?"

"ते बोलू," म्हटलं. "आधी सांग, पेरणीला माणसं मिळाली का?"