दहा बोल्टांपैकी एकाचंच टोक चमकत होतं

काकांची गाडी टो करून आली तेव्हा मी दुसऱ्या एका गाडीखाली आडवा होतो, आणि खालून नुसती चाकं दिसली तरी कळलं की हीच ती. तीन आठवड्यांपूर्वी मीच तिचं हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधली सील) बदलून दिलं होतं.

"परत पाणी खातेय रे," काका एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं खरंतर.

गाडी जुनी, कार्बोरेटरवाली, चार सिलिंडर, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे इंजिन गरम-थंड होताना दरवेळी हेड त्या गॅस्केटवर बारीकसं घासतं, म्हणजे गॅस्केटचे हाल तसेही असतातच. तरी कंपनीचं पहिलं गॅस्केट कित्येक वर्षं टिकलं होतं. मग एकदा रेडिएटरचा फॅन बंद पडला, काटा लाल पट्ट्यात गेला तरी काका घरी पोचेपर्यंत गाडी हाणत राहिले आणि ते उडालं. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदललं, ते आठ महिने चाललं. नंतर मी बदललं, ते तीन आठवडे. हा हिशोब बघून माझंच तोंड कडू झालं.

आधी हेड न उघडता तपासलं. थंड इंजिन स्टार्ट केलं आणि पाण्याचा वरचा पाईप हातात धरला, अर्ध्या मिनिटात दगडासारखा कडक. एवढ्यात पाणी तापून प्रेशर होऊच शकत नाही, म्हणजे सिलिंडरचा गॅस थेट पाण्यात घुसतोय. निळ्या पाण्याची टेस्ट लावली (सिलिंडरचा गॅस लागला की ते पिवळं होतं), ते बघता बघता पिवळं झालं. ऑइलमध्ये मात्र दूध नाही, म्हणजे पाणी मिसळलेलं नाही, स्वच्छ. कॉम्प्रेशन घेतलं तर एक, दोन, चार नंबर १६५ ते १७० पीएसआय आणि तीन नंबर १४०. मग तीन नंबरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे पार वरच्या टोकाला, आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली आणि रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे. इथपर्यंत सगळं सरळ होतं. गॅस्केट गेलंय हे मलाही दिसत होतं, का गेलं ते कळत नव्हतं, कारण मागच्या वेळी मी थर्मोस्टॅट नवा टाकला होता, रेडिएटर साफ केला होता, पाण्याचा पंप उघडून बघितला होता, टायमिंग तपासलं होतं, हेडला फेसिंग मारून (घासून सपाट करून) क्रॅक टेस्ट करून आणलं होतं, हेड कसायचे बोल्टसुद्धा नवीन टाकले होते. अजून काय करायचं माणसाने?

वाट सापडली ती काकांच्या डिकीमुळे. ते जुने पार्ट कधी टाकत नाहीत, आणि डिकीत आधीची दोन्ही गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळलेली निघाली. मी माझं काढलेलं तिसरं आणि ती दोन अशी बाकावर शेजारी मांडली. कंपनीचं पहिलं दोन आणि तीन नंबरच्या मधल्या पट्टीत जळलेलं, तापलेल्या इंजिनात जळतं तसंच. पण नंतरची दोन्ही वेगळ्याच जागी गेलेली, तीन नंबरच्या सायलेन्सरकडच्या बाजूला, बोल्टच्या भोकाशेजारी जिथे पाण्याची वाट आहे तिथे, आणि दोन्ही अगदी एकाच जागी. म्हणजे गाडी तापली ते दुखणं तेव्हाच संपलं होतं. हे दुसरं दुखणं रिपेअरनंतर आलेलं.

मग मी त्या जागेचा बोल्ट हातात घेतला. नवीन बोल्टला काळा थर असतो, नऊ बोल्टांची टोकं तशीच काळी होती आणि ह्या एकाचं टोक चांदीसारखं घासून चकचकीत, कडा जराशी दबलेली. बोल्ट भोकाच्या तळाला टेकत होता!

आणि त्याच क्षणी मला तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आठवली. हेड कसताना हाच बोल्ट बाकीच्यांपेक्षा कमी फिरून टॉर्कला, म्हणजे कसायच्या ठरलेल्या जोराला, आला होता, रेंचने टक केलं आणि मी मनात म्हटलं, वा, ह्याचे आटे चांगले आहेत. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. टॉर्क रेंचला फक्त विरोध कळतो, तो हेड दाबल्यामुळे आलाय की बोल्ट तळाला अडल्यामुळे हे तिला काय माहीत. त्यात लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के जोर तर घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो तो थोडासाच, आणि ह्या बोल्टाचा तोही तळाला ठोकर देण्यात गेला. बाकी नऊ हेड दाबून बसलेले आणि दहावा नुसता उभा.

ब्लॉकवर हेड न ठेवता दहाही बोल्ट हाताने उतरवून बघितले. नऊ सारखेच खाली गेले, हा पाच मिलिमीटर आधी अडला. व्हर्नियरची शेपटी घालून मोजलं तरी तेवढंच. आत काय होतं तर गंज, जुन्या गॅस्केटचे तुकडे आणि वाळलेलं कूलंट, सगळं मिळून दगड झालेला. पहिल्यांदा हेड उघडलं तेव्हा घासलेला कचरा भोकात पडला असणार आणि पाण्याने तो बसला असणार, मग माझ्या वेळी मी वरून अजून घातला असणार, नाही म्हणून कुठे जाऊ. वर हेडला दोन वेळा फेसिंग होऊन ते ०.४ मिलिमीटर पातळ झालेलं, म्हणजे बोल्ट तेवढा अजून आत. प्रत्येक रिपेअरने तो तळाच्या जवळच जात होता.

साफ करायला नवीन टॅप (आटे पाडायचं हत्यार) नाही लावला, तो आट्यांचं धातूच खातो. जुन्या बोल्टाला हॅक्सॉने उभ्या खाचा पाडल्या आणि तोच हळूहळू फिरवत कचरा वर काढला, मग क्लीनर मारून हवा (चष्मा घालून, हे मी एकदा डोळ्यात घेऊन शिकलोय). दहाही भोकं कोरडीठाक केली, कारण आत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्टखाली कोंडून तोच प्रकार होतो, वाईट नशीब असेल तर ब्लॉकही तडकतो. ब्लॉक सपाट आहे का बघायला स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवली, तिच्याखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर (पातळ पत्ती) कुठे शिरली नाही. हेड पातळ झालेलं म्हणून जाड गॅस्केट मागवलं, बोल्ट परत नवीन, आणि कसताना प्रत्येकाच्या डोक्यावर रंगाची रेघ मारून कोण किती फिरतोय ते बघत बसलो. ह्या वेळी दहाही सारखे फिरले.

मजुरी घेतली नाही. काकांनी विचारलं काय झालं होतं, मी बोल्ट दाखवला आणि माझी चूकही सांगितली, ते बोल्ट बराच वेळ उलटसुलट करत राहिले. गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं, पाईप मऊ.

सहा महिन्यांनी ते क्लच केबलसाठी आले. मी सवयीने बॉनेटकडे हात नेला तर म्हणाले, "पाईप मऊ आहे, मी रोज सकाळी दाबून बघतो. तू केबल बघ."