पिकअपला नवा पंखा, पण आधी चुकीचा

आमची पिकअप २००६ची, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, एसी-बिसी काही भानगड नाही. चिरे टाका, खत टाका, पेंढा टाका, वर्षभर गुमान चालते. पण मे महिन्यात हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालो की साखरप्यापर्यंत टेंपरेचरचा काटा मधोमध आणि आंबा घाट लागला की पाच-सहा वळणांत तो लाल पट्टीला टेकणार म्हणजे टेकणारच. त्यात दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे घाट चढताना पाठीमागून, गाडी विसाच्या स्पीडने सरपटतेय आणि समोरून रेडिएटरच्या जाळीत हवा शिरतच नाही. गेल्या हंगामात तर चाळीस मिनिटं बॉनेट उघडून उभा होतो, मागे साठ पेट्या तापतायत आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायची सोय नाही, कारण आतलं पाणी प्रेशरमुळे शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण सैल केलं की उसळून तोंडावर येतं. आमच्या वाडीतल्या एकाच्या हातावर त्याचा डाग अजून आहे.

मग सगळ्यांचं एकच, इलेक्ट्रिक फॅन टाक. मेहुण्याचं तर ठामच मत, दाजी, इंजिनवरचा भार पण कमी होईल आणि अॅव्हरेज पण वाढेल. टाकला. सोळा इंची, बारा व्होल्टचा, रिले, फ्यूज, जाडी वायर सगळं नीट, आणि इंजिनच्या जोरावर फिरणारा जुना पंखा काढून फळीवर ठेवला. पहिल्याच दिवशी गाडी उभ्या उभ्या तापली. बघतो तर फॅनच्या वायरी उलट्या जोडलेल्या, पंखा हवा आत ओढायच्या ऐवजी पुढे फेकत होता! ग्रिलवर वर्तमानपत्राचं पान धरलं की कळतं, चिकटलं पाहिजे, आमचं उडून गेलं. वायरी फिरवल्या, पान चिकटलं, रत्नागिरीत मारुती मंदिरच्या ट्रॅफिकमध्ये काटा हलेना, मी खूश.

आणि घाटात पुन्हा तेच, वर रात्री हेडलाइट पिवळे पडायला लागले ते वेगळंच.

नंतर बसून हिशेब केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फॅन घेतो वीस अँपिअर, गुणिले तेरा व्होल्ट, म्हणजे २६० वॅट, घरातला मिक्सर याच्या दुप्पट खातो. आणि इंजिनवरच्या पंख्याची गंमत अशी की घाटात गाडी दुसऱ्या गिअरला सरपटत असली तरी इंजिन अडीच हजार आरपीएमवर ओरडत असतं, म्हणजे जेव्हा हवेची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच तो सगळ्यात जोरात फिरतो. शहरात उभं राहण्यापुरता इलेक्ट्रिक चांगला, लोड घेऊन घाट चढणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये असं माझं मत झालंय, मेहुण्याचं अजून झालेलं नाही.

मग कोल्हापुरात पेट्या उतरवल्या आणि गाडी थेट तिथल्या वर्कशॉपवाल्या उद्यमनगरात नेली, जुना पंखा सोबत होताच. मिस्त्रीने पंख्याकडे बघितलंच नाही, आधी काऊल बघितला, म्हणजे पंख्याभोवतीचं गोल कव्हर. खालचा अर्धा भाग कधीच तुटून गेलेला, उरलेला आम्ही तारेने बांधलेला. म्हणाला, "पंखा कितीबी मोठा घाला, काऊल नसंल तर हिकडची गरम हवा तिकडं आन् तिकडची हिकडं, नुसती ढवळाढवळ." मग जुन्या पंख्याचं विस्कस कपलिंग, म्हणजे पंखा गरजेनुसार शाफ्टला जोडणारा डबा, हातात घेतलं, मधोमध तेलाचा काळा चिकट थर, म्हणजे आतलं सिलिकॉन तेल गळून गेलेलं. समोरची पट्टी तापली की झडप उघडते, सिलिकॉन खाचांत शिरतं आणि पंखा शाफ्टला धरतो, तेच संपलं तर पंखा नुसता सुटा फिरणार. गरम इंजिन बंद केल्यावर बोटाने ढकललं की आमचा पंखा पाच-सहा गिरक्या घ्यायचा, मला वाटायचं बेअरिंग काय मस्त आहे!

नवीन कपलिंग, सातच्या जागी नऊ पात्यांचा पंखा, पत्र्याचा गोल काऊल बनवून घेतला. पंखा बसवला तर पाती काऊलच्या बाहेरच राहिली, मग समोरच्या लेथवर बारा एमएमचा स्पेसर, म्हणजे मधे घालायची चकती, टर्न करून आणला तेव्हा पातं अर्धं आत अर्धं बाहेर असं बसलं. इंजिन रबरावर हलतं म्हणून पंखा आणि रेडिएटरमध्ये दोन बोटं अंतर ठेवलंच. रेडिएटर उतरवलेलाच होता तर रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळी घालून सफाई, पण केलं, जाळीतून पेंढा आणि चिखल एवढा निघाला की लाजच वाटली. पंखा जड झाला म्हणून वॉटर पंपाचं बेअरिंग पण बदललं, दर महिन्याला पंखा धरून हलवून बघतो, लचक लागली की परत बदलणार.

आता सकाळी स्टार्ट केली की मिनिटभर घोंगावते, रात्रभर सिलिकॉन खाली उतरून बसलेलं असतं म्हणून, आणि आई आतून ओरडते, "रे, विमान बंद कर!" यंदा चार ट्रिपा झाल्या, पेट्या साठच. शेवटच्या चढाला काटा जरा उचलतो, मग पंखा धरतो, घों आवाज येतो आणि आंबा गाव येईपर्यंत काटा परत मधोमध.