आठ थाऊ

2016 साली, अमेरिकेत कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हा मी एका 1969 च्या कॅमॅरोच्या ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, फेस मारला: वरची पातळी मशीनवर कापून सपाट केली. काम आरशासारखं झालं होतं. कौतुकाने मालकाला बोलावलं. त्याने ब्लॉकच्या पुढच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि अंगठा तसाच ठेवून उभा राहिला. तिथे नंबर होता. आता नव्हता.

त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांच्या हाताखाली मी पंधरा वर्षं हेच केलं होतं. ट्रॅक्टर, जीप, शेतावरची डिझेल इंजिनं. इंजिन नंबरला हात लावायचा नाही हे आम्हालाही शिकवलेलं असतं. तो आरसी बुकात असतो, आरटीओत जाब द्यावा लागतो. पण मी हाताळलेल्या इंजिनांवर तो ब्लॉकच्या कुशीत कुठेतरी असायचा. शेव्हरोलेच्या या जुन्या व्ही-8 मध्ये तो चक्क ब्लॉकवर झाकणासारखं हेड बसतं त्याच पातळीवर, हेडच्या पुढे उघडी राहणारी बोटभर पट्टी असते तिच्यावर ठोकलेला असतो. फेस मारला की हेडच्या जागेबरोबर पट्टीही कापली जाते. गाडी जन्मली त्या दिवशीचंच इंजिन तिच्यात आहे, याचा लोखंडावरचा मुख्य पुरावा तोच. तो गेला की गाडी तीच, पळणार तशीच, पण किंमत हजारो डॉलरनी खाली. मालकाने त्या गिऱ्हाइकाशी काय तडजोड केली ते मला कधी कळलं नाही. मला काढलं नाही, एवढं खरं. रात्री फोनवर अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "नंबरापायी ब्लॉक वाकडा ठेवायचा? येड लागलंय काय त्यास्नी?"

बायको इथे डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. तिच्या मागोमाग मी आलो. कामाचा परवाना हातात पडेपर्यंत दोन वर्षं घरी बसून पोळ्या लाटल्या, मग या शॉपला लागलो. आम्ही फक्त इंजिनांचं मशिनिंग करतो: बोअर, होनिंग, क्रँक, हेड. पाच माणसं. मालक साठीच्या उंबरठ्यावरचा, त्याचा जीव ऐंशीच्या दशकातल्या पाच लिटरच्या मस्टँगवर. हेडच्या बाकावरचा पोरगा सव्वीसचा. त्याला निसानची स्कायलाइन जीटी-आर, आर-34 हवी. परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की इथे आणायला मोकळीक मिळते, म्हणून 2024 उजाडायची तो कॅलेंडरवर फुल्या मारून वाट बघत होता. आमच्याकडे येणारी मसल कार, मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, म्हणजे त्याच्या लेखी "आजोबांची गाडी". गिऱ्हाईक बाहेर गेलं की तो हे मोठ्याने म्हणतो.

ऑगस्टचा दुसरा आठवडा आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवसासारखा असतो. तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, जुन्या गाड्यांची मिरवणूक. 1995 मध्ये फर्नडेलच्या मुलांना फुटबॉलचं मैदान हवं होतं, त्या वर्गणीसाठी निघालेली ही टूम. आता फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत गाड्यांची रांग हटत नाही. दिवसा रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून पांढऱ्या केसांची माणसं बसतात आणि प्रत्येक गाडीचं साल ओळखतात. अंधार पडला की खुर्च्या उठतात, नवी पोरं येतात, टायरचा धूर होतो आणि मागोमाग पोलिसांचे दिवे. या दोन पाळ्या एकमेकांना फारशा भेटत नाहीत.

तर 2024 चा तो गुरुवार. पिकअपच्या मागे ताडपत्रीत गुंडाळलेला ब्लॉक, पिस्टनचं खोकं, आणि सोबत दोन माणसं. एक सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, पत्र्याच्या प्रेसवर आयुष्य घालवलेले, उजव्या करंगळीचं अर्धं पेर गेलेलं. दुसरी त्यांची नात, पंचविशीची, बॅटरीच्या प्रयोगशाळेत कामाला. गाडी 1969 ची, शेव्हरोलेची शेव्हेल एसएस 396, व्हिएतनामहून परतल्यावर साठवलेल्या पगारातून कोरी घेतलेली. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायला लागलो, कारण ते आल्या आल्या ऑफिसात न जाता सरळ माझ्या मशीनपाशी आले आणि टेबलाच्या खाचेत नख घालून बघितलं, स्वच्छ आहे का. अण्णा हेच करतात.

नातीने फाइल आणली होती. विम्याचे कागद, फोटो, डॅशवरच्या चेसिस नंबराच्या पट्टीचे आणि बॉडीवरच्या टॅगचे. टॅगवर 02C, म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. तिला सगळं कारखान्यातून निघालं तसं हवं होतं. नळ्यांचे क्लॅम्पसुद्धा. "नंबर जपून काम होईल ना?" हे तिने मला तीनदा विचारलं. आजोबा दर वेळी नाक फेंदारत होते.

"गाडी घेतली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी हिची चाकं बदलली, एग्झॉस्ट फेकून हेडर बसवले," ते म्हणाले. "कारखान्याचं काय ठेवायचंय त्यात? आम्ही गाडी घ्यायचो ती बिघडवायलाच."

मग ते बोलत सुटले, आणि मी ब्लॉक धुवायला टाकून ऐकत राहिलो. 1964 च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सची शाखा असलेल्या पाँटिअ‍ॅकमध्ये डीलोरियन या इंजिनिअरने आणि त्याच्या माणसांनी मधल्या अंगाच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचं 389 घनइंची इंजिन घातलं. कंपनीचा नियम आड येत होता, म्हणून वेगळं मॉडेल न म्हणता ‘ऑप्शन’ म्हणून विकलं, आणि जीटीओ जन्मली. नंतरही जनरल मोटर्समध्ये मधल्या गाड्यांना 400 च्या आत राहायचं बंधन होतं. 396 हा आकडा त्या कुंपणाला खेटूनच बेतलेला. 1970 च्या मॉडेलला कुंपण काढलं आणि त्याच शेव्हेलमध्ये 454 आलं, कागदावर 450 घोडे. (ते घोडे पंखा, अल्टरनेटर, खरा एग्झॉस्ट असलं काही न जोडता बाकावर मोजलेले. 1972 पासून खरं माप छापायला लागले आणि सगळ्यांचे आकडे एका रात्रीत बसले.) पुढे धुराचे कायदे, मग 1973 ची तेलटंचाई. "पण आम्हाला मारलं विम्याने," आजोबा म्हणाले. "विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याला भिडला होता."

हेडवाल्या पोराने विचारलं, "आणि वळणावर ती वळायची का?"

"वळायला कशाला लागतंय? वुडवर्ड सरळ आहे."

ब्लॉक धुऊन आला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजायला गेज घातला. वरच्या टोकाला 4.130 इंच. 396 चा मूळ बोअर 4.094. म्हणजे कधीतरी तीस थाऊ वाढवलेला आणि वर सहा थाऊ झीज. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरात हाच शब्द, इथेही हाच, भाषा वेगळी. तर मी वहीत ‘तीस ओव्हर’ लिहिलं आणि खोक्यातला पिस्टन उचलला. मोठ्या मापाच्या पिस्टनच्या डोक्यावर बहुतेक 30 असा आकडा असतो. यावर नव्हता. दुसरा उचलला, त्यावरही नाही. आठही साधे, कारखान्याच्या मापाचे.

तिथे मला जरा उकडायला लागलं.

कारण 4.126 या मूळ बोअरचं एक इंजिन आहे. 1970 च्या शेव्हेलमध्ये घातलेलं 396 खरं तर 402 घनइंचाचं होतं. बोअर किंचित वाढवला, पण गाडीवरचा बिल्ला 396 च ठेवला, कारण तो आकडा खपत होता. 4.126 आणि चार थाऊ झीज. हिशोब तंतोतंत. मी ब्लॉक फिरवला आणि अंगावरची ओतकामाची तारीख वायर ब्रशने घासली. A 14 0. जानेवारीची 14 तारीख, 1970. फेब्रुवारी 1969 मध्ये जोडलेल्या गाडीत अकरा महिने पुढचं ओतलेलं लोखंड.

खरं तर इथे मालकाला हाक मारायला हवी होती. मी थिनरचं फडकं घेऊन पट्टी पुसली. नारिंगी रंगाचे दोन थर निघाले, खालून टोनावांडाच्या इंजिन कारखान्याचा T आला, आणि त्याच्या बाजूला चेसिसचा नंबर. पहिला आकडा 1, शेव्हरोलेचा. दुसरा 0, सालाचा. नात शेजारी उभी होती, मोबाइलवर डॅशवरच्या पट्टीचा फोटो मोठा करून. तिने आकडे वाचले, पुन्हा वाचले. बॉडीच्या नंबरात 9 होता.

"पॉप्स," ती म्हणाली, "हे आपलं इंजिन नाही."

आजोबा बाहेरच्या मशीनमधून कॉफी आणत होते. "आपलंच आहे. 53 वर्षं मीच चालवतोय."

"मूळचं नाही म्हणतेय मी."

"मूळचं 1971 च्या उन्हाळ्यातच फुटलं. रॉड कुशीतून बाहेर. रात्री दीड वाजता, वुडवर्डवर." त्यांनी कॉफीचा कप माझ्या मशीनवर ठेवला, मग माझा चेहरा बघून उचलला. "भंगारवाल्याकडे एक ठोकलेली सत्तरची आली होती. तिचं उतरवलं, आणि दोन दिवसांत यात चढवलं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलंच नाही. त्या वेळी सगळेच करायचे."

तिने फाइल मिटली. विम्याच्या कागदावर ‘नंबर जुळतात’ असं तिनेच आपल्या हाताने लिहिलं होतं, त्याच्यावर ठरलेली रक्कम होती. ती रागावली असेल असं मला वाटलं. पण ती पट्टीकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर राग कमी आणि फजिती जास्त होती. बारा वर्षांची असल्यापासून ही गाडी पुसतेय, असं ती मघाशी सांगत होती. हेडवाला पोरगा पहिल्यांदाच गप्प होता. नंतर तो मला म्हणाला, जपानहून येणाऱ्या गाडीचे कागद आता तो दोनदा बघणार आहे.

सपाटी बघायला मी स्ट्रेटएज ठेवून फीलर गेज फिरवला. डाव्या बाजूला तीन थाऊ, ते चालण्यासारखं. उजवीकडे, नंबराच्या बाजूला, मधल्या दोन सिलिंडरांपाशी खोलगट. सगळं एका पातळीत यायला आठ थाऊ काढावे लागणार होते. ठोकलेले आकडे त्याहून फार खोल नसतात. नात म्हणाली, "मग आता काय, कापून टाका. कुणाचा का असेना."

सोपं होतं. मोठा कटर एका दमात ब्लॉकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, अर्ध्या तासाचं काम. पट्टी वाचवायची तर मोठा कटर अलीकडे थांबवायचा आणि कोपरा छोट्या कटरने, दर वेळी डायल लावून, हेडच्या कडेपर्यंत आणायचा. दोन्ही कटरांची पातळी जुळली नाही तर गॅस्केट दगा देणार. अख्खी दुपार जाते, आणि बिलात ती दुपार लावावी लागते.

मी तसं सांगितलं आणि मोठ्या कटरचा नट आवळायला लागलो, तेव्हा आजोबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तोच, अर्ध्या करंगळीचा.

"ते राहू दे," म्हणाले.

"पॉप्स, तो आपला नंबर नाही."

"माहितीय. कुणाचा तरी आहे." ते पट्टीकडे बघत नव्हते, बाहेर पिकअपकडे बघत होते. "तिच्यातली सीट धुतलेली होती. भंगारवाल्याने पाइप मारून धुतली होती. मी इंजिन घेतलं, बाकी काही विचारलं नाही."

शॉपमध्ये कॉम्प्रेसर चालू झाला, म्हणून कुणाला काही बोलावं लागलं नाही.

मी मोठा कटर उतरवला. साडेचारपर्यंत कोपरा चालला. शेवटच्या फेरीत चुरा पिठासारखा बारीक येत होता. पट्टीच्या कडेला आठ थाऊंची पायरी राहिली, डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. मालक दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेला. बिल बघून आजोबा काही बोलले नाहीत. पैसे नातीने दिले.

निघताना मी ड्रॉवरमधून कागद काढला. आरटीओसाठी उद्यमनगरात चेसिसचा पेन्सिल ठसा घ्यायचो तसा कागद पट्टीवर दाबून धरला आणि पेन्सिल आडवी घासली. करड्या रंगात आकडे पांढरे उमटले, 1, मग 0, मग कारखान्याचं अक्षर, मग बाकीचे. नातीने तो फाइलमध्ये घातला, विम्याच्या कागदाच्या वर.

"आणखी एक काढ," आजोबा म्हणाले.

काढून दिला. त्यांनी घडी न घालता तो शर्टाच्या खिशात उभा ठेवला.