'गॉडफादर'मध्ये मार्लन ब्रँडो असताना तुम्ही फ्रेडोबद्दल का बोलता?

हा प्रश्न मला अभिनयाच्या शिबिरांत विचारतात, तालमीनंतर चहाला विचारतात, घरातही विचारून झालाय. ब्रँडो आहे, अल पचिनो आहे, रॉबर्ट डुव्हाल आहे, आणि सर, तुम्ही पुन्हा त्या फ्रेडो करणाऱ्या जॉन कझेलवरच? आजवर दोन वाक्यांत वेळ मारून नेली. पण हल्ली प्रश्नाला एक शेपूट जोडलं जातं: "तुम्ही स्वतः छोट्या भूमिका करता ना, म्हणून तो तुम्हाला जवळचा वाटतो." हे मला लागतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

'गॉडफादर' या माफिया घराण्याच्या सिनेमाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, ती सांगत बसत नाही. कझेलचे सिनेमे पाच: 'गॉडफादर'चे दोन भाग, 'द कॉन्व्हर्सेशन', 'डॉग डे आफ्टरनून' आणि 'द डिअर हंटर'. १९७२ ते १९७८. पाचही सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन, त्यातल्या तिघांना पुरस्कार. हा विक्रम शिबिराच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगणारा मीच होतो. आता टाळतो. विक्रम ऐकला की लोक त्याला नशीबवान समजतात, आणि तो काय करत होता हे बघायचं राहून जातं. पहिला सिनेमा मिळाला तेव्हा तो छत्तिशीत होता, मागे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची कितीतरी वर्षं होती. बेचाळिसाव्या वर्षी गेला, म्हणून आकडा पाचावर थांबला. यात विक्रम कसला? पण तेव्हाचा मी आजच्या मला विचारतो, तो आकडा सांगितला नसतास तर त्या पोरांनी मोबाईल खाली ठेवले असते का? नसते ठेवले. हेही खरंच आहे.

नामांकनांचंच बोलायचं तर दुसरा आकडा सांगा. 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागासाठी सहाय्यक अभिनेत्याच्या एकाच गटात त्या सिनेमातल्या तिघांना नामांकन होतं: रॉबर्ट डी नीरो, ली स्ट्रासबर्ग आणि मायकल गॅझो. 'डॉग डे आफ्टरनून'साठी ख्रिस सॅरँडनला होतं, 'डिअर हंटर'साठी ख्रिस्तोफर वॉकनला तर पुरस्कारच मिळाला. कझेलला एकदाही नाही. मला याचा राग येतो, आणि तो राग मी लपवत नाही.

त्या दुसऱ्या भागात बर्फाळ तळ्याकाठच्या घरातला प्रवेश आठवा. धाकटा भाऊ मायकल, म्हणजे पचिनो, उभा आहे, थोरला फ्रेडो एका मागे कलणाऱ्या खुर्चीत जवळजवळ आडवा पडलाय. थोरल्याला डावलून धाकट्याच्या हाती किल्ल्या गेल्या, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इतकी वर्षं गिळलेलं सगळं फ्रेडोच्या तोंडून बाहेर पडतं. आपणही हुशार आहोत, आपल्यालाही मान हवा, हे तो ओरडून सांगतो. पण ती खुर्ची त्याला उठू देत नाही. तो हात पसरतो, धड वर उचलतो आणि पुन्हा मागे पडतो. दुसऱ्या कुणी नटाने दिग्दर्शकाला विनवलं असतं, एवढं मोठं वाक्य आहे, निदान उभं राहून म्हणू द्या. कझेल पडूनच बोलतो. आवाज चिरकतो, तो सावरत नाही. आणि बोलणं संपल्यावर तुमची नजर आपोआप पचिनोकडे जाते, कारण कझेलने ती तिकडे पाठवलेली असते. आपल्याकडे 'प्रवेश खाल्ला' म्हणून नटाची पाठ थोपटतात. हा माणूस प्रवेश समोरच्याच्या हातात ठेवून बाजूला होत होता. मी काय शिकवतो म्हणाल? हे शिकवतो.

आता ते शेपूट. हो, मी नोकर, मामा, पोस्टमन, वकिलाचा कारकून अशी कामं केली आहेत, आणि मुख्य भूमिका वाट्याला आली नाही याचं वाईट वाटलेलं आहे. पण त्या वाईट वाटण्यातून मला कझेल सापडला, हे साफ चूक. वाईट वाटत असताना मी मोठ्या नटांकडेच बघत होतो. तो दिसला तो नंतर, समोरच्याचं वाक्य ऐकत उभं राहायला शिकलो तेव्हा.

ऐकण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९६८ साली न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेस थिएटरात इझ्रायल हॉरोविट्झचं 'द इंडियन वॉन्ट्स द ब्राँक्स' झालं. त्यात कझेल गुप्ता होता, भारतातून मुलाला भेटायला आलेला, रस्ता चुकलेला, इंग्रजी न येणारा बाप. रात्री बसथांब्यावर दोन टवाळ पोरं त्याला छळतात, त्यातला एक तरुण पचिनो. दोघांनाही त्या कामासाठी ओबी, म्हणजे ऑफ-ब्रॉडवे नाटकांसाठीचा, पुरस्कार मिळाला. कळत नसलेली भाषा ऐकत राहायचं आणि त्या आवाजातून धोका ओळखायचा, एवढंच काम. एका शिबिरात एक मुलगी उठून म्हणाली, "गोऱ्या माणसाने भारतीय बाप करायचा आणि आपण कौतुक करायचं?" मी त्या काळाबद्दल काहीतरी बोललो, पण माझं मलाच पटलं नाही. तो प्रयोग मी पाहिलेला नाही. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि त्या भूमिकेची ओढही सुटत नाही.

आणि शेवटचा सिनेमा. १९७६ मध्ये सेंट्रल पार्कात शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'मध्ये कझेल आणि अभिनेत्री मेरिल स्ट्रीप एकत्र आले, पुढे एकत्र राहिले. 'डिअर हंटर' सुरू होण्याआधी त्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं. अशा नटाचा विमा कोण उतरवणार? पैसे घालणाऱ्यांना तो नको होता. दिग्दर्शक मायकल चिमिनोने त्याची दृश्यं आधी उरकली. विम्याचे पैसे डी नीरोने भरले, असं स्ट्रीपने सांगितलंय. सिनेमा डिसेंबर १९७८ मध्ये लागला. कझेल मार्चमध्येच गेला होता.

त्यात तो स्टॅन आहे. शिकारीला येताना बूट विसरणारा, खिशात उगाच छोटं पिस्तूल बाळगणारा. व्हिएतनामहून परतलेला मित्र शिकारीच्या खोपटात ते पिस्तूल हिसकावतो, त्याच्या कपाळाला लावतो आणि चाप ओढतो. गोळी सुटत नाही. त्या क्षणी कझेलचा चेहरा बघा. पूर्वी मी म्हणायचो, बघा, हा माणूस खरोखर मरणाच्या दारात आहे, म्हणून हे डोळे असे. शिबिरात मुलं रडायची. मग एकदा आवाज बंद करून तेवढाच तुकडा पाहिला. तिथे मरणाची जाण असलेला माणूस दिसतच नाही. दिसतो तो चारचौघांत पाणउतारा झालेला स्टॅन, ज्याला भीतीइतकीच लाजही वाटते आहे. स्वतःचं एवढं मोठं दुःख जवळ असताना त्याने त्यातला चमचाभरही स्टॅनला दिलेला नाही.

म्हणून आता आजाराचं आधी सांगत नाही. माझा एक जुना नटमित्र म्हणतो, ही लपवाछपवी आहे, तशा शरीराने उभं राहून काम करणं हाही त्याच्या अभिनयाचाच भाग होता, तो सांगितलाच पाहिजे. आमचा यावर वाद होतो. कधी मला त्याचं पटतं. पुढच्या शिबिरात तो तुकडा दाखवायचा आहे, आणि आजाराचं आधी सांगायचं की नंतर, यावर परवाही आमचं फोनवर वाजलं.