तुम्ही विचारलंत म्हणून: डिझेल गाडी घ्यावी का?

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रामकुंडावर दशक्रियेला गेलो होतो तिथेही, माणसं मला बाजूला घेतात आणि विचारतात, "काका, नवी गाडी बघतोय. डिझेल घेऊ का? ॲव्हरेज चांगलं देते म्हणतात."

मलाच विचारण्याचं कारण आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं मी डिझेल इंजिनाचे नोझल, म्हणजे इंधन फवारायच्या तोट्या, बनवायच्या खात्यात होतो. नाशिकचं आणि डिझेलच्या सुट्या भागांचं नातं इतकं जुनं आहे की शहरातल्या एका चौकाला लोक मायको सर्कल म्हणतात. मायको म्हणजे हे भाग बनवणारी, आताची बॉश कंपनी. तेव्हा मी लगेच "घे" म्हणेन अशीच विचारणाऱ्याची अपेक्षा असते. मी मात्र उलट विचारतो, "रोज कुठे जाता? किती किलोमीटर? आणि कोणत्या रस्त्याने?"

डिझेल इंजिनावर माझं प्रेम आहे, ते आधी सांगून टाकतो. नोझलच्या टोकाला जी भोकं असतात ती दोन-तीन केस शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल, साधारण तेवढीच. आतली सुई आणि तिचं घर यांच्यामधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची. एवढ्याशा भोकातून आजच्या गाड्यांमध्ये दीड-दोन हजार बार दाबाने डिझेल फवारलं जातं. स्पार्क प्लग नाहीच. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि डिझेल तिच्यात पडताक्षणी पेटतं. पेट्रोलमध्ये हवा साधारण दहा-अकरा पट दाबतात, डिझेलमध्ये सोळाच्या आसपास. जास्त दाब म्हणजे त्याच उष्णतेतून जास्त काम. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच दहा टक्क्यांहून अधिक असते. ॲव्हरेज येतं ते या दोन गोष्टींमुळे, आणि ते खरंच येतं.

पण आमच्या पिढीच्या डोक्यात "डिझेल म्हणजे बचत" हे जे पक्कं बसलंय, ते इंजिनापेक्षा पंपावरच्या पाटीमुळे. २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारने मोकळे केले, डिझेलचे मात्र धरून ठेवले. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आत होतं. तेव्हा ज्याला परवडेल त्याने डिझेल घेतली आणि त्याचं काही चुकलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भावही मोकळे झाले आणि दरी बुजत गेली. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे गाडीच्या धुरावरचे नवे कडक नियम, आले. छोट्या डिझेल इंजिनाला ते नियम पाळायचे म्हणजे धुराच्या नळीत महागडी यंत्रणा बसवणं आलं. मारुतीने त्याच वेळी डिझेल बंद केलं, होंडाने २०२३ मध्ये. जे उरलेत ते बहुतेक एसयूव्ही विकणारे. ज्या हिशेबाने तुमच्या वडिलांनी डिझेल घेतली, तो हिशेब आज जसाच्या तसा लावता येत नाही.

आता आजचा हिशेब. शोरूममधलं ॲव्हरेज विसरा. तो आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. तुमच्या ओळखीत तीच गाडी कुणाकडे असेल तर त्यांना टाकी फुल्ल करून, पुढच्या फुल्लपर्यंत किती किलोमीटर झाले आणि किती लिटर भरावं लागलं ते विचारा. समजा एकाच मॉडेलचं पेट्रोल तुम्हाला १४ देतंय आणि डिझेल १९. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ धरलं, तर पेट्रोलचा किलोमीटर पडतो ७ रुपये ४३ पैशांना आणि डिझेलचा ४ रुपये ७९ पैशांना. वाचले २ रुपये ६४ पैसे. डिझेल मॉडेल ऑन रोड दीड लाखाने महाग असेल, तर ते दीड लाख वसूल व्हायला सुमारे ५७ हजार किलोमीटर लागतात. त्या फरकात आरटीओचाही वाटा असतो, कारण महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे. महिन्याला सातशे किलोमीटर चालणाऱ्याला हे पैसे सुटायला पावणेसात वर्षं लागतील, दोन हजारवाल्याला अडीचही नाहीत. सर्व्हिसिंगचा जादा खर्च यात धरलेला नाही, तो धरला की दोन्ही मुदती आणखी लांबतात.

हे आकडे तुम्ही तुमचे घालून बघा. भाव बदलतील, पद्धत बदलणार नाही. पण फक्त एवढ्या हिशेबावर निर्णय घेऊ नका, असं मी कळवळून सांगतो, कारण मी तसाच घेतला होता आणि तो माझ्या मुलीला भोवला.

तिला गाडी घ्यायची होती. ती गंगापूर रोडला राहते, शाळा कॉलेज रोडपलीकडे, चार किलोमीटरवर. मी म्हटलं, दहा वर्षं वापरशील, पैसे आज ना उद्या सुटतील, डिझेलच घे. इंजिन मी ओळखून होतो. धुराच्या नळीत नव्याने काय बसलंय, याचा विचार मी केला नाही. आठव्या महिन्यात तिचा फोन आला, "बाबा, डॅशबोर्डवर हा पिवळा दिवा कसला हो?"

तो दिवा डीपीएफचा होता. बीएस ६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी एक सिरॅमिकची गाळणी असते. ती भरत जाते. भरली की इंजिन थोडं जादा डिझेल उशिरा फवारून धूर तापवतं, गाळणी सहाशे अंशांच्या आसपास जाते आणि काजळी जळून जाते. यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. मुलीची गाडी इंजिन धड गरम व्हायच्या आत शाळेच्या फाटकात उभी राहत होती. जाळायला सुरुवात झाली की चावी बंद, परत सुरुवात, परत बंद. त्यातलं न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली इंजिन ऑइलमध्ये उतरत होतं. वर्कशॉपमध्ये मी स्वतः ऑइलची पट्टी ओढून पाहिली. पातळी खुणेच्या वर गेली होती आणि वास डिझेलचा येत होता. ऑइल पातळ झालं की टर्बो आणि बेअरिंग झिजतात. मशीन लावून गाळणीतली काजळी जाळून घेतली, ऑइल वेळेआधी बदललं. चार महिन्यांनी पुन्हा तेच.

मग आम्ही बापलेक दर रविवारी सकाळी गाडी काढायचो. पाथर्डी फाट्यावरून मुंबईच्या दिशेने, विल्होळी मागे टाकायची, गोंद्यापर्यंत जायचं आणि वळून यायचं. पन्नासएक किलोमीटर, कुठेही काम नसताना, केवळ गाळणी साफ व्हावी म्हणून. ते तास मला आवडायचे, मुलीशी निवांत बोलणं व्हायचं. पण बचतीसाठी घेतलेली गाडी साफ ठेवायला दर आठवड्याला अडीच-तीन लिटर डिझेल जाळतोय, हे मनाला लागत होतं. दोष गाडीचा नव्हता. चार किलोमीटरच्या रस्त्यावर ती मी लादली होती.

याच काळात एका मेकॅनिकने सुचवलं, "गाळणी काढून टाकू, सॉफ्टवेअर मारून देतो, दिवा परत लागायचा नाही." नाशिकमध्ये हे सर्रास चालतं आणि चांगली शिकलेली माणसं करून घेतात. मी इथे हात जोडून सांगतो, हे करू नका. हे बेकायदेशीर तर आहेच, पण आधी ती काजळी काय आहे ते लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींत घातला. द्वारका चौकात सिग्नलला तुमच्या मागे स्कूटरवर आईपुढे उभं असलेलं पोर तुमच्या सायलेन्सरच्या धुरातच श्वास घेत असतं. गाळणी सांभाळणं झेपत नसेल तर डिझेल घेऊ नये. मी आयुष्यभर या इंजिनाचं काम केलं, म्हणूनच हे ठणकावून सांगायचा मला अधिकार वाटतो.

शेवटी ती गाडी निफाडच्या माझ्या मावसभावाने घेतली. त्याची द्राक्षबाग आहे. हंगामात आठवड्यातून दोनदा वाशी मार्केट, मधल्या दिवसांत पिंपळगाव, दिंडोरी, वणी. मागच्या सीटवर औषधांचे डबे, कधी चार माणसं, आणि परतीला कसारा घाट. चढावर भरली गाडी हजार-दीड हजार आरपीएमवरून ज्या सहजतेने उचलते, ते डिझेलचं खरं सुख आहे. त्याच्याकडे गेल्यापासून तो पिवळा दिवा एकदाही लागलेला नाही. असा रस्ता असेल तर मी डोळे झाकून डिझेल सांगतो.

बाकीचे प्रश्न भराभर. दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते का? ती भीती दिल्ली परिसरातल्या नियमाची आहे. आपल्याकडे खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं आणि पुढे तपासणी करून नूतनीकरण होतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, मग ॲव्हरेज पडणार का? थोडं पडतं, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणूनच म्हटलं, पेट्रोलचं ॲव्हरेजही आज ती गाडी चालवणाऱ्यालाच विचारा. गावातल्या गावात फिरणाऱ्याला सीएनजी स्वस्त पडतो, पण रांगेची आणि डिकीतल्या सिलिंडरची तयारी हवी. बजेट मोठं असेल तर हायब्रिड बघा. थांबत-निघत चालणाऱ्या रस्त्यावर ती डिझेलला सहज मागे टाकते.

गेल्या आठवड्यात आमच्याच इमारतीतली बँकेत काम करणारी एक मुलगी हाच प्रश्न घेऊन आली. इंदिरानगर ते नाशिकरोड, रोजचे जाऊन-येऊन सतरा किलोमीटर, तेही बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. पण सासर धुळ्याला, आणि महिन्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या. दोन्ही मिळून हजार-अकराशे किलोमीटर भरतात. म्हणजे पैसे सुटायला साडेचार वर्षं, आणि गाळणी पंधरा दिवसांनी महामार्गावर आपोआप साफ. काठावरचा हिशेब. मी तिला डिझेल चालेल असं सांगणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "सासूबाई दिवाळीनंतर कायमच्या इकडेच राहायला येणार, असं घरात चाललंय."

"मग ते आधी ठरू दे," मी म्हटलं. "त्या इकडे आल्या, तर तू पेट्रोलच घे."