दिव्याखालची शेवंती

२२ डिसेंबर, पुणे

वर्षातली सगळ्यात मोठी रात्र याच दोन दिवसांतली. दिवस जेमतेम ११ तासांचा, म्हणजे अंधार १३ तास. हिवाळी फुलं थंडीने फुलतात असं सगळेच म्हणतात, पण शेवंतीचं गणित आधी रात्रीच्या लांबीचं असतं. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की तिच्या शेंड्यात पानांऐवजी कळ्या तयार होतात. म्हणून गॅलरीतला दिवा रात्रभर जळत असेल, तर त्याच्या उजेडातली कुंडी नुसती हिरवीगार वाढत राहते. आज हे एकाच झाडावर पाहायला मिळतंय. भिंतीकडच्या, सावलीत राहणाऱ्या फांद्यांना पिवळी फुलं लगडलीत आणि दिव्याकडच्या फांद्यांवर कळीचा पत्ता नाही. खत, पाणी, माती सगळं एकच. अशा झाडाला खताचा आणखी डोस देऊन उपयोग नाही, दिवा बंद करावा किंवा कुंडी हलवावी. मध्यरात्री थोडा वेळ लागलेला दिवासुद्धा शेवंतीची रात्र मोडतो. पॉलिहाऊसमध्ये फुलं येणं लांबवायचं असलं, तर शेतकरी मुद्दाम हेच करतात.

पॉइन्सेटियाचंही तसंच. लाल दिसतात ती पानं. खरी फुलं म्हणजे मधोमधचे पिवळे बारीक मणी. सप्टेंबर संपता संपता त्याला रोज १४ तास गच्च काळोख द्यायला लागलं, की ८-१० आठवड्यांत छान रंग धरतो. छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

६ जानेवारी

पहाटे पानांवर दव. गुलाबाच्या कोवळ्या फुटीवर पांढरी पूड दिसली, म्हणजे भुरी आली. थंड रात्री, उबदार दुपारी आणि दाटीवाटीने ठेवलेल्या कुंड्या तिला फार मानवतात. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी फवारायचं. शेवंतीच्या कळ्यांखाली काळा मावा असतो, त्याला निंबोळी तेल ५ मिली आणि पातळ साबण १ मिली, लिटरभर पाण्यात. पण या दोन फवारण्या एकाच झाडावर लागोपाठ करू नयेत. तेलावर गंधक पडलं की पानं करपतात, मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्यावेत.

या दिवसांत कुंड्या मरतात त्या बहुधा जास्त पाण्याने. माती वाळायला वेळ लागतो आणि आपण मात्र उन्हाळ्याच्या सवयीने रोज पाणी घालतो. बोट दोन पेरं खुपसावं, ओल लागली तर आज पाणी नाही.

पिटुनियाची सुकलेली फुलं काढताना बहुतेक जण नुसत्या पाकळ्या ओढतात. पाकळ्या हातात येतात आणि हिरव्या पेल्यात छोटं टोकदार बोंड तसंच राहतं. ते बी धरतं आणि झाडाची ताकद तिकडे जाते. नखाने देठासकट पेला खुडावा. फांद्या लांबून मध्ये टक्कल पडलं असेल, तर एक तृतीयांश कापून १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम द्यावं, दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरतं. नॅस्टर्शियमला मात्र खत नकोच. शेणखताच्या कुंडीत ते थाळीएवढी पानं करतं आणि फुलं पानांखाली लपतात.

१४ जानेवारी

संक्रांत वेल नाव राखून आहे. मूळचा ब्राझीलचा, पण आपल्याकडे सणाच्या तोंडावर कुंपणभर केशरी होतो. बोटभर लांब नळ्या, तोंडाशी मागे वळलेल्या पाकळ्या, आणि सकाळपासून शिंजीर पक्ष्यांची ये-जा. वास नाही, पण एवढा रंग जानेवारीत दुसरं कोण देतं! याला पूर्ण ऊन लागतं. छाटणी बहर ओसरल्या ओसरल्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. ऑक्टोबरमध्ये साफसफाई म्हणून वेल कापला, तर फुलायच्या फांद्याच जातात आणि संक्रांत कोरडी जाते.

११ फेब्रुवारी

दुपार तापायला लागली. शेवंतीची फुलं तपकिरी झाली की झाड उपटून टाकायचं नाही. चार बोटं ठेवून छाटायचं आणि कुंडी अर्ध्या सावलीत सरकवायची. बुंध्याजवळ मातीतून काश्या, म्हणजे मुळांसकटचे कोंब, फुटतात, पुढच्या वर्षीची रोपं तीच. उन्हाळाभर त्या जगवायच्या, पाऊस सुरू झाला की मुळांसकट सोडवून ८ इंची कुंडीत एकेक लावायच्या. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट. महिन्याभराने शेंडा खुडायचा, मग फुटव्यांचेही शेंडे, पण १५ ऑगस्टनंतर हात लावायचा नाही. उशिरा खुडलं तर फुलंही उशिरा येतात. आणि जूनमध्ये कुंडीची जागा ठरवताना एकदा रात्री गच्चीवर जाऊन कोणाचा दिवा कुठवर पोचतो ते पाहून घ्यावं.