तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीत न जाता आर्किटेक्चर कसं शिकवता?

लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक, माजी विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले सहकारी, सगळे हेच विचारतात. एकही मोठी सिस्टीम स्वतः सांभाळलेली नाही, मग सॉफ्टवेअर आर्किटेक्चर, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना, कशाच्या जोरावर शिकवता?

माझं उत्तर ठरलेलं असायचं. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच दाखवून दिलं, की मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडायचे नाहीत. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवायचा. हे समजायला कंपनीचं ओळखपत्र लागत नाही. आजही मी हेच म्हणेन.

पण ती दुपार विसरता येत नाही. पुण्यातल्या एका कंपनीने बिलिंग सिस्टीमच्या अभ्यासासाठी बोलावलं होतं. तीन महिने कागदपत्रं वाचली, मुलाखती घेतल्या आणि सिस्टीमच्या रचनेचं भिंतभर चित्र काढलं. सादरीकरण संपल्यावर माझीच एक जुनी विद्यार्थिनी उठली.

"मॅडम, रात्री दोनला बिलं अडकली तर यात मी कुठे बघू?"

मी एका चौकटीवर बोट ठेवलं.

"तिथे काही सापडत नाही. चार टीम डेटाबेसमधल्या एकाच टेबलातला स्टेटस कॉलम थेट बदलतात. तो कॉलम चित्रात नाहीच."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्या पेपरात ती वर्गात पहिली आली होती. जो निर्णय लपवायला हवा होता, तो चौघांसमोर उघडा पडला होता. तिला तो दिसला, मला दिसला नाही.

कागदपत्रं जुनी होती, हे खरंच आहे. पण कोड मागितला असता तर त्यांनी दिला असता. मी मागितला नाही. त्या लाखो ओळींत आपण हरवू, अशी धास्ती होती. २००४ मध्ये कंपनीतली नोकरी नाकारताना 'तिथे विचार करायला वेळ मिळत नाही' असं मी म्हणाले होते. इथे तर तीन महिने हाताशी होते.

तरी वाटतं, तिथे राहिले असते तर त्या कॉलमची सवय झाली असती. तिलाही झालीच होती, मी चित्र लावेपर्यंत ती बोलली नव्हती. की हे मी स्वतःला समजावते आहे?

आता असाइनमेंटमध्ये चित्र मागत नाही. खऱ्या कोडमध्ये एक बदल करायला लावते आणि किती फायलींना हात लागला ते मोजून आणायला सांगते. आधी तो बदल मी स्वतः करते.

ते चित्र अजून माझ्या खोलीत आहे. कॉलम मी नंतर पेन्सिलीने काढला, चारही बाणांसकट. कंपनीला मात्र पाठवलं नाही.